जुना मिररलेस आणि चांगली लेन्स, की नवा मिररलेस आणि किट लेन्स?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर लांब होणार आहे, म्हणून तो मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडते. तुम्ही आजवर फक्त मोबाइलवर फोटो काढले आहेत आणि आता पहिला स्वतंत्र, मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचा आहे. रक्कम ठरलेली आहे आणि ती वाढवता येणार नाही. त्या रकमेत एकीकडे वापरलेला सोनी ए६०००, त्यासोबत सिग्माची ३० मिमी एफ/१.४ लेन्स आणि ५५-२१० मिमीची झूम लेन्स बसते, शिवाय काही पैसे उरतात. (मिमीचा आकडा जितका मोठा तितका विषय जवळ दिसतो, आणि एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश लेन्समधून आत येतो.) दुसरीकडे नवा सोनी ए६७०० आणि त्यासोबत येणारी १६-५० मिमीची किट लेन्स बसते, पण सगळी रक्कम तिथेच संपते. फोटो काढायचे आहेत ते दोन वर्षांच्या, सतत धावणाऱ्या मुलीचे, प्रवासाचे आणि जमल्यास पक्ष्यांचे; व्हिडिओ अधूनमधून. शेवटी तुम्ही विचारले आहे की जुना कॅमेरा घेतला तर दोन वर्षांत पश्चात्ताप होईल का.

मी सतरा वर्षे व्यक्तिचित्रे आणि कौटुंबिक समारंभ टिपते आहे, आणि त्यातली बरीच वर्षे नवशिक्यांना शिकवतेही आहे. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येतो आणि दर वेळी मी आधी एकच गोष्ट विचारते: तुमचे कोणते फोटो आज बिघडतात आणि ते कशामुळे बिघडतात? मोबाइलमधले गेल्या दोन महिन्यांतले फोटो उघडून पाहा आणि जे मनासारखे आले नाहीत ते बाजूला काढा. काही कमी प्रकाशामुळे फिसकटलेले असतील, काही हलल्यामुळे, काहींत फोकस चुकलेला असेल, तर काहींत विषय फारच लांब राहिला असेल. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. लेन्स बदलल्याने काही बरी होतात, नवी बॉडी (लेन्स वगळून उरलेला कॅमेरा) घेतल्याने काही, आणि काही फोटो तर खिडकीचा पडदा सरकवला असता तरी सुधारले असते. त्यामुळे माझ्या उत्तरातला काही भाग तुमच्या घरातल्या प्रकाशावर आणि तुम्ही फोटो शेवटी कुठे पाहता यावर अवलंबून राहील.

या दोन कॅमेऱ्यांत जे फारसे बदललेले नाही, त्यापासून सुरुवात करू. ए६००० हा २०१४ चा कॅमेरा आहे आणि ए६७०० हा २०२३ चा. मध्ये नऊ वर्षे गेली, तरी दोन्हींचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) एकाच आकाराचा, म्हणजे एपीएस-सी आहे. जुन्याचे मेगापिक्सेल २४, नव्याचे २६. जुन्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल आणि नव्याची ६१९२, म्हणजे फरक सुमारे तीन टक्क्यांचा. ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापले तर जुन्या कॅमेऱ्याचा फोटोही २० बाय १३ इंचांपर्यंत न ताणता छापता येतो, आणि ४के पडद्यावर पाहायचे झाल्यास त्या पडद्यालाच जेमतेम ८३ लाख पिक्सेल असतात. नव्या सेन्सरची रचना अधिक कार्यक्षम आहे, उंच आयएसओवर (कमी उजेडात सेन्सरचा प्रतिसाद वाढवणारे सेटिंग) त्याची फाइल अधिक स्वच्छ दिसते आणि सावल्या उजळताना ती जास्त साथ देते, हे खरे आहे. मात्र चांगल्या प्रकाशात, स्थिर विषयावर, एकाच लेन्सने काढलेले या दोन पिढ्यांचे छापील फोटो मी वर्गात नावे झाकून दाखवते, तेव्हा विद्यार्थी अंदाजानेच उत्तरे देतात. शिवाय गेल्या काही वर्षांत नॉइज (कमी उजेडातल्या फोटोतले दाणे) काढणारी सॉफ्टवेअर फार पुढे गेली आहेत. ॲडोबी लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेली एआय डीनॉइजची सोय २०१४ मधल्या रॉ फाइलवरही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) चालते. माझ्या संग्रहातले, तेव्हा बाद ठरवलेले काही फोटो मी अशा रीतीने वापरात आणले आहेत. त्यासाठी संगणक मात्र बऱ्यापैकी ताकदीचा लागतो.

आता लेन्स. तुमच्या दोन पर्यायांमधला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा फरक इथे आहे. १६-५० च्या किट लेन्सचे कमाल ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) १६ मिमीला एफ/३.५ आणि ५० मिमीला एफ/५.६ असते, मधे, ३० मिमीच्या आसपास, ते एफ/४.५ च्या घरात येते. तुम्ही निवडलेली सिग्माची लेन्स त्याच ३० मिमीला एफ/१.४ पर्यंत उघडते. प्रकाशाचे प्रमाण या आकड्यांच्या वर्गावर ठरत असल्यामुळे हा फरक साधारण दहापट होतो. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात किट लेन्सला जिथे आयएसओ ८००० लागेल, तिथे सिग्माला ८०० पुरेल, किंवा आयएसओ तेवढाच ठेवून शटर दहापट वेगवान करता येईल. सेन्सरमधल्या नऊ वर्षांच्या प्रगतीने एवढी मजल मारलेली नाही. म्हणजे घरातल्या अंधूक उजेडात, विषय शांत बसलेला असेल तर, तुमचा जुना संच नव्या संचापेक्षा स्पष्टपणे चांगला फोटो देईल. पार्श्वभूमी विरघळवण्याचा जो परिणाम लोकांना ‘मोठ्या कॅमेऱ्याचा’ वाटतो, तोही याच लेन्समधून येतो.

इथे कोणीतरी म्हणेल की ए६७०० च्या बॉडीत हाताचा कंप शोषणारी स्थिरीकरणाची सोय आहे आणि ती पाच स्टॉपपर्यंत (दर स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येते) मदत करते, मग किट लेन्सची उणीव तिथे भरून निघते. ही समजूत सर्रास आढळते, म्हणून थोडे थांबून सांगते. स्थिरीकरणामुळे तुमचा हात स्थिर होतो. समोरच्या मुलीला त्याचा काहीच उपयोग नाही. देवघरातला दिवा, रात्रीची इमारत किंवा संग्रहालयातली मूर्ती तुम्ही अर्ध्या सेकंदाच्या शटरनेही स्पष्ट टिपू शकाल. पण धावते मूल टिपायला किमान १/२५० सेकंद, आणि खरे तर १/५०० सेकंद लागतो. त्या वेगाला हाताच्या कंपाचा प्रश्न जवळपास उरलेलाच नसतो आणि प्रकाशाचा प्रश्न सगळा शिल्लक राहतो. प्रवासातल्या स्थिर दृश्यांसाठी आणि चालता चालता घेतलेल्या व्हिडिओसाठी ही सोय मोलाची आहे, मुलीसाठी ती दुय्यम आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी जुन्या कॅमेऱ्याच्या बाजूने कौल देणार. तसा तो देता आला असता, जर तुमचा मुख्य विषय धावणारा नसता.

मिररलेस कॅमेऱ्यांच्या इतिहासात खरी झेप कुठे पडली हे पाहिले तर मेगापिक्सेल मागे राहतात आणि फोकस पुढे येतो. २००८ मध्ये पॅनासोनिकचा जी१ आला, तो मायक्रो फोर थर्ड्स या मिररलेस प्रणालीचा, लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले बहुतेक मिररलेस कॅमेरे केवळ प्रतिमेतला कॉन्ट्रास्ट पाहून फोकस शोधत. म्हणजे लेन्स पुढे-मागे हलवून ‘आता स्पष्ट झाले का’ असे चाचपडत. ए६००० मध्ये सेन्सरवरच फेज ओळखणारे १७९ बिंदू होते आणि त्यामुळे विषय पुढे आहे की मागे, आणि किती, हे त्याला थेट कळू लागले. त्या काळात हा कॅमेरा इतका गाजला तो याच कारणाने. पण त्याला अंतर कळत होते, विषय कळत नव्हता. समोर जे काही जवळ आणि ठळक असेल, ते डोळा आहे, हात आहे की हातातले खेळणे, हे तो फारसे समजून घेत नाही. डोळ्यावर फोकस धरण्याची सोय त्यात आहे, परंतु ती स्थिर विषयासाठीच्या एकदा-फोकस पद्धतीपुरती. विषय हलत असताना सतत फोकस करण्याच्या पद्धतीत ती चालत नाही.

याचा व्यवहारात काय परिणाम होतो ते आकड्यांतून पाहा. ३० मिमीची लेन्स एफ/१.४ ला पूर्ण उघडी ठेवून दोन मीटरवर फोकस केला तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण २५ सेंटिमीटरचा असतो. तीच मुलगी एक मीटरवर आली की हा पट्टा सुमारे ६ सेंटिमीटरवर येतो. दोन वर्षांचे मूल उत्साहाने तुमच्याकडे धावत येते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरा. दोन्ही कॅमेरे सेकंदाला ११ फोटो काढतात. हा आकडा जाहिरातीत दोन्हीकडे सारखाच आहे, आणि त्यामुळेच दिशाभूल होते. सेकंदाला ११ फोटो म्हणजे दोन फोटोंमध्ये मुलगी सुमारे १८ सेंटिमीटर पुढे आलेली असते. एक मीटरच्या आसपास हे अंतर स्पष्ट पट्ट्याच्या तिप्पट आहे. म्हणजे प्रत्येक फोटोसाठी कॅमेऱ्याला ‘ती आता कुठे आहे’ एवढे कळून भागत नाही, ‘पुढच्या क्षणी ती कुठे असेल’ याचे भाकीत करावे लागते, आणि तेही तिच्या चेहऱ्यापुरते. जुना कॅमेरा ही मालिका काढतो खरा, पण नंतर पडद्यावर मोठे करून पाहिले की फोकस कधी कपड्यावर, कधी पुढे आलेल्या हातावर, तर कधी मागच्या भिंतीवर गेलेला दिसतो. नेमक्या हसऱ्या क्षणाचा फोटो थोडा मऊ निघाला की होणारी चुटपुट मला चांगली ठाऊक आहे. पुन्हा घेता येणारा तो क्षण नसतो.

ए६७०० मध्ये विषय ओळखण्यासाठी वेगळा प्रोसेसर आहे. माणसाचा चेहरा वळलेला असला, अर्धा झाकलेला असला तरी शरीराच्या ठेवणीवरून तो डोके कुठे आहे ते धरून ठेवतो. प्राणी, पक्षी, कीटक आणि वाहनेही तो ओळखतो. फोकसचे बिंदू ७५९ आहेत, पण बिंदूंच्या संख्येपेक्षा ही ओळख महत्त्वाची आहे. वर्गात ज्यांनी कॅमेरा कधी हातात धरलेला नव्हता, अशा पालकांनी पहिल्याच दिवशी या पिढीच्या कॅमेऱ्याने आपल्या मुलांचे फोकसमधले फोटो काढलेले मी पाहिले आहेत. जुन्या कॅमेऱ्यावर हे जमायला मला स्वतःला काही महिने लागले होते.

मग तुमच्या दोन पर्यायांची अवस्था अशी होते: ज्या कॅमेऱ्याला धावती मुलगी पकडता येते त्याच्यासोबत घरातल्या उजेडाला न पुरणारी लेन्स आहे, आणि जी लेन्स त्या उजेडाला पुरते ती ज्या बॉडीवर बसणार आहे तिला धावती मुलगी पकडणे जड जाते. दोन्हींपैकी एक निवडायचेच, असे तुम्ही विचारले आहे. मला मात्र वाटते की तुमच्या यादीत एक पर्याय राहून गेला आहे.

सोनीच्या बाबतीत फोकसची ती मोठी झेप २०१९ मध्ये पडली. त्या वर्षी आलेल्या ए६४०० मध्ये हलत्या विषयावरही सतत डोळा धरून ठेवणारी आणि निवडलेल्या विषयाचा चौकटभर माग काढणारी पद्धत आली. त्याच वर्षीच्या ए६६०० मध्ये हीच फोकस पद्धत, त्यासोबत बॉडीतले स्थिरीकरण आणि दुपटीहून अधिक क्षमतेची बॅटरी मिळाली. दोन्हींचे मेगापिक्सेल २४ आहेत आणि वेग तोच, सेकंदाला ११ फोटो. पक्षी आणि कीटक ओळखण्यात ते ए६७०० च्या मागे आहेत, व्हिडिओतही मागे आहेत; पण माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत ए६००० आणि ए६४०० यांच्यातले अंतर ए६४०० आणि ए६७०० यांच्यातल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे. तुमच्या जागी मी असते तर चांगल्या अवस्थेतला वापरलेला ए६४०० किंवा जमल्यास ए६६०० घेतला असता, त्यावर तुम्हीच निवडलेली ३० मिमी एफ/१.४ लेन्स लावली असती, आणि झूम लेन्स तूर्त सोडून दिली असती. सर्वसाधारण वापरासाठी किट लेन्स वापरलेली आणि स्वस्त सहज मिळते, कारण पुष्कळ लोक ती काही महिन्यांतच काढून टाकतात.

तुम्ही एका कंपनीचे कॅमेरे विचारले आहेत, पण इतर वाचकांसाठी सांगायला हवे की ही सीमारेषा प्रत्येक कंपनीत वेगळ्या वर्षी येते. कॅननमध्ये २०२० च्या आर५ आणि आर६ पासून माणसांसह प्राणी-पक्ष्यांचीही भरवशाची ओळख आली, निकॉनमध्ये २०२१ च्या झेड९ पासून आणि त्यानंतर खालच्या मॉडेलांत, तर फुजीफिल्ममध्ये विषय ओळखणारी पद्धत २०२२ च्या एक्स-एच२एस पासून सुरू झाली. ‘पाच वर्षे जुना’ या शब्दांचा अर्थ म्हणून कंपनीगणिक बदलतो. कॅमेऱ्याचे वय विचारण्यापेक्षा तो या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे विचारावे.

पक्ष्यांबद्दल मात्र तुम्हाला थोडे निराश करावे लागेल. ५५-२१० ची झूम लेन्स या सेन्सरवर ३१५ मिमीसारखा दृष्टिकोन देते. बगळा, घार किंवा तळ्याकाठचे मोठे पक्षी तिच्यात येतील, पण झाडावरचा छोटा पक्षी चौकटीत ठिपक्याएवढा राहतो, आणि तो ठिपका जगातल्या कोणत्याही फोकस पद्धतीने मोठा होत नाही. पक्ष्यांसाठी आधी लांब लेन्स लागते, उदाहरणार्थ सोनीची ७०-३५० मिमी, आणि मग उडत्या पक्ष्यांसाठी पक्षी ओळखणारी बॉडी. दोन्ही एकदम तुमच्या रकमेत बसणार नाहीत. तुम्ही ‘जमल्यास’ असे लिहिले आहे, म्हणून मी पक्षी हा विषय पुढच्या खरेदीवर ढकलला. तोच तुमचा पहिला विषय असता तर माझे सगळे उत्तर बदलले असते.

आणखी कोणत्या परिस्थितीत मी नवा ए६७०० च घ्या असे म्हटले असते? व्हिडिओ अधूनमधून नसून नियमित असता तर. ए६००० मध्ये ४के नाही आणि बाहेरचा साधा माइक जोडायला ३.५ मिमीचा जॅकही नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्न तिथेच अडतो. ए६४०० मध्ये दोन्ही आहेत, पण रंगाची नोंद ८ बिटमध्ये होते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. ए६७०० च्या १० बिटमध्ये त्या १०२४ होतात आणि नंतर रंग सुधारताना आकाशात सहसा पट्टे पडत नाहीत. वॉरंटी नसलेली वस्तू घेण्याची तुमची मनाची तयारी नसेल, तरीही नवाच घ्यावा. खिशातली वस्तू कधी बंद पडेल ही धास्ती घेऊन कोणी मोकळेपणाने फोटो काढू शकत नाही. उलट, पैसे घेऊन समारंभ टिपायचे असतील म्हणून नवा घ्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. अशा कामाला दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा हवा, आणि ए६७०० मध्येही कार्डाची जागा एकच आहे.

आणि तुमच्या मनात ए६००० च असेल तर? निसर्गदृश्ये, वास्तू, स्थिर बसलेली माणसे, टेबलावरच्या वस्तू आणि मुळात छायाचित्रण शिकणे हा हेतू असता, तर मी बिनदिक्कत तोच घ्या म्हटले असते. बॅटरी आणि कार्डासह ३४४ ग्रॅम वजन असलेला हा कॅमेरा प्रवासात गळ्यात आहे हे विसरायला होते. ए६७०० चे वजन ४९३ ग्रॅम आहे. घरात लहान मूल असताना ए६००० ची आणखी एक उणीव जाणवेल, ती म्हणजे त्यात पूर्ण निःशब्द शटर नाही. झोपलेल्या बाळाचा पहिला फोटो मिळतो, दुसऱ्याला ते जागे झालेले असते.

आता दोन वर्षांनंतरच्या पश्चात्तापाबद्दल. कॅमेऱ्याचे वय वाढल्याने त्याचे फोटो वाईट होत नाहीत. म्हातारी होते ती त्याच्या भोवतीची व्यवस्था. बॅटरी दमते. ए६००० ची बॅटरी नवी असतानाच एका चार्जिंगला प्रमाणित चाचणीत सुमारे ३६० फोटो देते, ए६७०० ची ५७०. दहा वर्षे जुनी बॅटरी याच्या किती खाली आली असेल ते ती वापरूनच कळते, म्हणून जुन्या कॅमेऱ्यासोबत दोन नव्या बॅटऱ्यांचे पैसे धरूनच हिशेब करावा. मोबाइलशी जोडणारी ॲप अद्ययावत होणे थांबते, तेव्हा साधा कार्ड रीडर घ्यावा, तो वेगवानही असतो. सुटे भाग मिळेनासे होतात. पण सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे माउंट (कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची ठरावीक रचना) जिवंत आहे का हे पाहावे. सॅमसंगचा एनएक्स१ हा २०१४ मध्ये काळाच्या पुढचा कॅमेरा होता, परंतु कंपनीने कॅमेऱ्यांचा व्यवसायच सोडला आणि त्याच्या लेन्स घेतलेले लोक अडकून पडले. निकॉन १ ची मालिका २०१८ मध्ये थांबली, कॅननच्या ईओएस एम माउंटचेही तेच झाले. अशा कॅमेऱ्यांच्या किमती मोहात पाडणाऱ्या असतात, पण तिथे विकत घेतलेली प्रत्येक लेन्स पुढे कुठेच नेता येत नाही. सोनीचा ई माउंट २०१० पासून चालू आहे. तुम्ही आज घेतलेली ३० मिमीची लेन्स उद्या ए६७०० वर किंवा त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यावर जशीच्या तशी बसेल. बॉडीची किंमत नवे मॉडेल आले की घसरते. चांगली लेन्स आपली किंमत बरीच टिकवून धरते. मर्यादित रकमेतला मोठा वाटा लेन्सला द्यावा, असे मी सांगते त्यामागे हेही कारण आहे.

इथवरचे थोडक्यात: घरातला उजेड कमी आणि विषय स्थिर असेल तर लेन्स बॉडीवर मात करते, विषय अनियमित धावणारा असेल तर २०१९ च्या अलीकडचा फोकस लागतो, तुम्हाला दोन्ही हवे आहे, म्हणून मधली पिढी आणि एफ/१.४ पर्यंत उघडणारी एक लेन्स. ए६७०० आणि किट लेन्स हा तुमच्यासाठी चुकीचा पर्याय नाही, पण तो घेतलात तर वर्षभरात लेन्ससाठी पुन्हा पैसे उभे करावे लागतील हे गृहीत धरा.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर तपासणीबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण मी स्वतः इथे फसले आहे. पहिल्या काही वर्षांत मी एक वापरलेली बॉडी घेतली. दिसायला ती नवीकोरी होती, शटरही कमी चालले होते, आणि मी दुकानात चार-पाच फोटो काढून समाधानाने परतले. पंधरा दिवसांनी एका कुटुंबाच्या समारंभात सलग फोटो काढताना कॅमेरा कार्ड ओळखेनासा झाला. कार्डाच्या खाचेतली एक पिन वाकलेली होती. सावकाश फोटो काढताना ती कशीबशी टेकायची आणि थोडा हादरा बसला की सुटायची. त्या तासाभराचे फोटो गेले ते गेलेच. त्या कुटुंबासमोर जाऊन ते सांगण्याची वेळ माझ्यावर आली होती आणि ती मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी स्वतःचे, वेगवान कार्ड घेऊन जाते, ते तीन-चार वेळा काढून घालते, आणि सलग फोटोंच्या तीन-चार लांब मालिका काढून सगळ्या फाइली उघडतात का ते पाहते.

सेन्सर पाहण्यासाठी लेन्स एफ/१६ वर ठेवून कोऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसेल आणि ती साफ होते, पण ओरखडा किंवा डाग दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. मग लेन्सवर झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. एखाद-दुसरा रंगीत ठिपका चालतो, पसरलेला सडा चालत नाही. मध्यम श्रेणीच्या कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक ते दोन लाख वेळा चालावे अशा बेताने बनवलेले असते. मोजणी पाहता आली तर जरूर पाहा, पण एकट्या कमी आकड्यावर विसंबू नका, कारण वर्षानुवर्षे दमट कपाटात पडून राहिलेला कॅमेरा रोज वापरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट असू शकतो. मागची चक्री फिरवताना आकडे उड्या मारतात का, शटरचे बटण अर्धे दाबल्यावर प्रत्येक वेळी फोकस होतो का, पडद्याची बिजागरी सैल आहे का, फ्लॅशच्या खाचेत गंज आहे का, हे सगळे पाच मिनिटांत पाहून होते. ए६६०० घेत असाल तर स्थिरीकरण चालू करून १/१० सेकंदाला स्थिर वस्तूचे काही फोटो काढा आणि चौकटीचे चारही कोपरे पाहा. एकच कोपरा वारंवार पुसट येत असेल तर सेन्सर किंवा लेन्स तिरकी बसलेली असू शकते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी म्हणजे बुरशी, आणि बुरशी असलेली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घरी आणू नये.

कॅमेरा हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात एवढे करा. सतत फोकसची पद्धत निवडा, डोळ्याची ओळख चालू करा, शटर १/५०० वर ठेवा आणि आयएसओ ६४०० पर्यंत आपोआप बदलू द्या. ३० मिमीची लेन्स एफ/१.४ वर ठेवण्याचा मोह होईल. मुलगी धावत असताना ती एफ/२ किंवा एफ/२.८ वर ठेवा, म्हणजे स्पष्ट पट्टा दीडपट ते दुप्पट होईल आणि कॅमेऱ्याला चुकायला थोडी सवड मिळेल. रॉ आणि जेपेग दोन्ही साठवा. गुडघ्यावर बसून तिच्या उंचीवर या आणि खिडकी तुमच्या पाठीशी किंवा बाजूला राहील असे पाहा. आठवड्याभराने हुकलेले फोटो पुन्हा बाजूला काढा आणि ते का हुकले ते इथे लिहा. लेन्स पूर्ण उघडी असतानाही आयएसओ सतत ६४०० ला टेकत असेल तर पुढचा खर्च दिव्याचा असेल, आणि चौकट सतत अपुरी पडत असेल तर अधिक रुंद कोनाच्या लेन्सचा. हे ती यादी पाहून ठरवता येईल.